फलंदाजीची सरासरी आणि तिचा संदर्भ

४ व ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याण येथे आंतरशालेय भंडारी करंडक स्पर्धेतील सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने ३२७ चेंडूंत नाबाद १,००९ धावा केल्या. ए. ई. जे. कॉलिन्स याचा १८९९ मधील नाबाद ६२८ धावांचा उच्चांक त्यामुळे मागे पडला. या पराक्रमाचे कौतुक उचितच होय. तथापि त्याचे मूल्यमापन कौतुकाहून निराळे आहे. त्या डावाची धावसंख्या ३ बाद १,४६५ होती; प्रतिपक्षाला दोन डावांत मिळून ८३ धावाच करता आल्या. धनावडेच्या धावा वगळल्या तरी उरलेल्या ४५६ धावा दर गड्यामागे १५२ पडतात. अर्थात १,००९ हा आकडा जितका फलंदाजाचे सामर्थ्य दाखवितो, तितकेच दोन संघांमधील अंतरही दाखवितो.

एका डावाबाबत जे सहज दिसते, ते संपूर्ण कारकिर्दीच्या सरासरीत झाकले जाते. बेसबॉलच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचा पद्धतशीर विचार केला आहे. १९३० साली नॅशनल लीगमध्ये बिल टेरी याची फटक्यांची सरासरी ०.४०१ होती, १९६८ साली अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रझेम्स्की ०.३०१ सरासरीने अग्रस्थानी राहिला. वरवर पाहता दोघांत मोठी तफावत दिसते. परंतु त्या त्या वर्षी त्या लीगची एकूण सरासरी अनुक्रमे ०.३०३ व ०.२३० होती. भागाकार केल्यास गुणोत्तरे १.३२ व १.३१ येतात, म्हणजे दोघे जवळजवळ समान ठरतात.

हीच कसोटी विजय मर्चंट यांना लावून पाहणे उद्बोधक ठरते. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील त्यांची सरासरी ७१.६४, तर रणजी करंडक स्पर्धेतील ९८.७५ आहे. या आकड्यांच्या आधारे त्यांना ब्रॅडमनच्या (९५.१४) खालोखाल स्थान देण्याचा प्रघात आहे. परंतु त्या काळी येथील खेळपट्ट्या फलंदाजांना कमालीच्या अनुकूल होत्या. मुंबई व होळकर यांच्यातील १९४४–४५ च्या अंतिम सामन्यात चार डावांत २,०७८ धावा झाल्या, तर मार्च १९४९ मध्ये पुण्यास मुंबई व महाराष्ट्र यांच्या सामन्यात ३८ गड्यांमागे २,३७६, म्हणजे दर गड्यामागे ६२.५ धावा निघाल्या. असे सामने अपवादात्मक खरे. पण ज्या वातावरणात ते शक्य झाले, त्या वातावरणात ९८.७५ चा अर्थ बदलतो.

मात्र भागाकार करून थांबणेही अपुरे होय. स्पर्धेच्या सरासरीत तळाच्या फलंदाजांचे अपयश मिसळलेले असते; म्हणून आघाडीच्या फलंदाजाची तुलना आघाडीच्या फलंदाजांशीच झाली पाहिजे. शिवाय ज्याचे मापन करावयाचे, त्याच्या धावा मापदंडातून वगळल्या पाहिजेत. कल्याणच्या सामन्यात ही गरज स्पष्टच दिसते. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे: रणजी करंडक स्पर्धेत मुंबईच्या फलंदाजाला मुंबईच्याच गोलंदाजीला तोंड द्यावे लागत नसे, इतरांना ते द्यावे लागे. प्रबळ संघातील खेळाडूचे गुणोत्तर त्यामुळे आपोआप फुगते.

अशा वेळी आकड्यांना बाहेरचा साक्षीदार लागतो. मर्चंट यांच्याबाबतीत तो उपलब्ध आहे. १९४६ च्या पावसाळी उन्हाळ्यात, इंग्लंडच्या ओलसर खेळपट्ट्यांवर त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. परक्या भूमीवरील ही सरासरी त्यांच्या एकंदर सरासरीहूनही अधिक आहे. सापेक्ष मापनाने ९८.७५ चे तेज काहीसे उणे होते हे खरे, परंतु ७१.६४ चा पाया त्याने ढासळत नाही. एकच पद्धत एका आकड्याला उतरविते व दुसऱ्याला दुजोरा देते, यातच तिची उपयुक्तता आहे.

कल्याणच्या विक्रमानंतर मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्या शाळकरी खेळाडूस पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. प्रोत्साहनाचा हेतू स्तुत्यच होता. परंतु संदर्भाविना उचललेला आकडा पुढे अपेक्षेचे रूप घेतो, आणि ज्या अंतराने तो घडविला, ते अंतर पुढील सामन्यांत नसते. संदर्भासह मापन केल्याने खेळाडूचा मान कमी होत नाही. त्याच्यावर अकारण लादला जाणारा भार मात्र निश्चित कमी होतो.