अंबिकाबाई धुरंधर: स्मरणचित्रें आणि चित्रें

भाईंदरजवळच्या धारावी किल्ल्याचे आज थोडेसे अवशेष उरले आहेत. वसईच्या मोहिमेंत (१७३७–३९) त्याचें महत्त्व काय होतें तें तत्कालीन पत्रांवरूनच कळतें. वास्तु ढासळली तरी कागद बोलतो. चित्रकारांच्या बाबतींत पुष्कळदां याच्या उलट घडतें. चित्र भिंतीवर टिकतें, परंतु तें कोणीं व कोणत्या परिस्थितींत काढलें हें सांगणारा कागद रद्दींत जातो. म्हणून कै. अंबिकाबाई धुरंधर (१९१२–२००९) यांचें २०१० सालीं प्रसिद्ध झालेलें ‘माझी स्मरणचित्रे’ हें आत्मचरित्र आम्ही केवळ आठवणींचें पुस्तक समजत नाहीं. दोन महायुद्धांच्या दरम्यान कलाशिक्षण घेतलेल्या एका मराठी स्त्रीचें तें अस्सल साधन आहे.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत १८९६ सालीं गणपतराव म्हात्रे यांनीं ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ति घडविली. पूजेचें साहित्य हातीं घेऊन देवळास निघालेली ही मराठी तरुणी सर्वत्र वाखाणली गेली. अंबिकाबाई त्याच शाळेंत शिरल्या त्या हातांत कुंचला घेऊन, आणि १९३१ सालीं पदविका मिळवून बाहेर पडल्या. त्यांचे वडील रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर हेही त्याच सालीं सेवानिवृत्त झाले.

रावबहादुरांचा ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हा ग्रंथ १९४० चा. तो व कन्येचा ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे. पित्याच्या ग्रंथांत शाळा व तिचे साहेब दिसतात. कन्येच्या ग्रंथांत तीच कला घराच्या बाजूनें दिसते. मात्र पितृभक्तीमुळें लेखिका स्वतःस वारंवार मागें सारते, आणि जेथें तिच्या स्वतःच्या चित्रांविषयीं ऐकावयाचें तेथें आपण वडिलांविषयींच ऐकतों. इतिहासाच्या दृष्टीनें हा तोटा लहान नव्हे.

या विनयाचा फायदा टीकाकारांनीं घेऊं नये. अंबिकाबाईंचीं चित्रें वडिलांच्या वळणाचीं आहेत हें खरेंच. परंतु त्या शिकत होत्या तो काळ सॉलोमनसाहेबांच्या अमदानीचा होता. भित्तिचित्रें व भारतीय वळणाची अलंकारिक शैली यांचा शाळेंत मोठा बोलबाला होता. अशा वेळीं वास्तववादी रीत धरून राहणें ही सवय नव्हे, निवड आहे. मुलानें बापाची रीत चालविली तर आपण त्यास घराणें म्हणतों, मुलीनें चालविली तर अनुकरण! हा दंडक आम्हांस मान्य नाहीं.

रावबहादुर १९४४ सालीं वारले. पुढें पासष्ट वर्षें अंबिकाबाई हयात होत्या, आणि वडिलांच्या कलाकृतींची जपणूक हें त्यांनीं आपलें व्रत मानलें. २०१८ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत रावबहादुरांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. राखणदारीण म्हणून कन्येचें नांव घेतलें जातें. चित्रकर्त्री म्हणून तें घेण्याची वेळ अद्याप यावयाची आहे.

संग्राहकांस आमची एवढीच सूचना आहे. धुरंधर ही अक्षरें दिसतांच चित्र वडिलांच्या खातीं टाकण्याची घाई करूं नये. आद्याक्षरें पाहावीं, साल पाहावें, मागची चिठ्ठी असल्यास ती सोलून फेकूं नये. साल १९४४ नंतरचें निघालें तर निदान रावबहादुरांचा प्रश्न तेथेंच मिटला.