रिकाम्या माळावरचं पांढरं निशाण

दिवस कलला आहे. फौज अजून मागे, वाटेत आहे. पुढे पाठवलेले अधिकारी, एक ट्रिब्यून आणि त्याच्यासोबतचे काही सेंच्युरियन, एका उघड्या माळावर फिरून जागा पाहतात. जिथून चारी बाजू नजरेत येतील आणि हुकूम देणं सोपं जाईल, अशा ठिकाणी ते एक पांढरं निशाण रोवतात. तिथे सेनापतीचा तंबू येणार. मग मापं टाकायला सुरुवात होते. निशाणापासून चारी बाजूंना शंभर-शंभर फूट सोडून चौक आखायचा. पुढची निशाणं किरमिजी, काही ठिकाणी नुसते भाले. थोड्या वेळानं फौज येते, लांबूनच पांढरं निशाण पाहते आणि कुणालाही काही विचारायची गरज पडत नाही. आपली गल्ली कुठली, गल्लीत आपला तंबू कितवा, हे ज्याला त्याला ठाऊक असतं. कारण कालच्या मुक्कामात तो तिथेच होता, आणि उद्याच्या मुक्कामातही तिथेच असेल.

प्राचीन रोमच्या युद्धांवर जेवढं म्हणून मी वाचलं, त्यात मला सगळ्यात आवडलेलं दृश्य हे. यात एकही तलवार उपसली जात नाही. हे दृश्य पॉलिबियसच्या इतिहासाच्या सहाव्या भागातलं आहे आणि लिहिणारा रोमन नव्हे, ग्रीक आहे. इ. स. पू. १६८ साली पिद्नाच्या लढाईत मॅसिडोनिया बुडाला. पुढच्याच वर्षी रोमनांनी ग्रीसमधल्या अकीअन संघातले हजारभर प्रतिष्ठित लोक ओलीस म्हणून इटलीत नेले. त्यांतला हा एक. घरचा राजकारणी, स्वतः घोडदळाचा अधिकारी राहिलेला. रोममध्ये त्याचा पुढे सेनापती झालेल्या स्किपिओ इमिलियानसशी स्नेह जडला आणि इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज जळताना तो त्याच्या शेजारी उभा होता. त्रेपन्नपेक्षा कमी वर्षांत रोमनं जवळजवळ सगळं ज्ञात जग कसं जिंकलं, हा त्याच्या ग्रंथाचा प्रश्न. एकूण चाळीस भाग लिहिले, पूर्ण उरले ते पहिले पाच. सहाव्याचे मोठे तुकडे हाती आहेत, आणि नशिबानं त्यांत फौजेचं प्रकरण आहे.

माझ्याकडे आहे ती पेटनच्या इंग्रजी भाषांतराची झेरॉक्स, सुपेल्यातल्या एका दुकानातून स्पायरल बाइंडिंग केलेली. गेली काही वर्षं मी कोहक्यात राहतो. त्याआधीची पोलाद कारखान्यातली सगळी नोकरी सेक्टरमधल्या क्वार्टरात गेली. भिलाईबाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल, कारण पॉलिबियस मला का भिडला याचं अर्धं उत्तर त्यात आहे. सेक्टरमध्ये पत्ता म्हणजे तीन आकडे: सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कारखान्यासोबत ही वसाहतही कागदावरून जमिनीवर उतरली. नवा माणूस आला की हातात क्वार्टरचा नंबर, आणि रात्रीच्या अंधारातही तो बरोबर दारात. कोहका मुळात गाव. इथल्या गल्ल्या कुणी आखल्या नाहीत, त्या पडत गेल्या. इथे पत्ता विचारला तर ‘पानी टंकी के आगे, किराना दुकान के बाजू में’ असं उत्तर मिळतं, आणि किराणा दुकानं चार असतात. तेव्हा पॉलिबियस जिथे म्हणतो की रोमन सैनिक छावणीत शिरतो तो जणू आपल्याच गावी परतावा तसा, तिथे मी दोन्ही बाजूंनी अडखळतो. आखलेल्या गावी परतण्याचं सुख मला माहीत आहे. न आखलेल्या गावात राहण्याची मौजही.

पॉलिबियसनं सांगण्याचा जो क्रम धरला आहे, त्यातच त्याची कारागिरी आहे. आधी भरती. एका लिजनमध्ये चार हजार दोनशे माणसं, अशी चार लिजन्स उभी करायची. भरती करणारे चार-चार सारख्या अंगापिंडाचे जवान समोर बोलावतात. पहिल्या खेपेला पहिल्या लिजननं आधी निवडायचं, दुसऱ्या खेपेला दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, आणि असं फिरत राहायचं. गल्लीत क्रिकेटचे संघ पाडताना पोरं नेमकं हेच करतात. पण पॉलिबियस ते इतक्या गंभीरपणे सांगतो की साम्राज्याच्या पायात पहिली वीट ही बसली असं वाटावं. चारही लिजन्स सारख्याच ताकदीची, म्हणून सेनापतीला हे चांगलं आणि ते कच्चं असा हिशेब करावा लागत नाही.

मग हत्यारं. इथे माझ्यातला कारखान्याचा माणूस जागा होतो. हलक्या पायदळाच्या हातातल्या फेकायच्या भाल्याचं वर्णन पाहा. दांडा दोन हात लांब, बोटभर जाडीचा. पातं वीतभर, पण ठोकून ठोकून इतकं बारीक केलेलं की पहिल्याच आघातात ते वाकावं. का? न वाकलं तर शत्रू तोच भाला उचलून परत फेकेल म्हणून. आम्ही जन्मभर रूळ वाकू नये म्हणून झिजलो. इथे एक लोहार मुद्दाम वाकणारं लोखंड घडवतो, आणि ते नेमकं एकदाच चालेल याची काळजी घेतो! पॉलिबियस यावर एक शब्दही कौतुकाचा लिहीत नाही. कारण सांगतो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो. ढालीचंही तसंच. लाकडाचे दोन थर सरसानं जोडलेले, वर कापड, त्यावर वासराचं कातडं. वरच्या कडेला लोखंडी पट्टी, कारण तलवारीचा वार तिथे येतो. खालच्या कडेला पट्टी, कारण ढाल जमिनीवर टेकवली जाते. प्रत्येक वस्तूबरोबर तिचं ‘का’ येतं. शिरस्त्राणावरचे हातभर उंच तीन पिसांचे तुरेसुद्धा सुटत नाहीत: माणूस दुप्पट उंच दिसतो आणि समोरच्याच्या मनात धास्ती बसते.

खरा रंग भरतो तो रात्री. परवलीचा शब्द लाकडाच्या एका पाटीवर लिहिलेला असतो, तिला टेसेरा म्हणतात. सूर्यास्ताला गल्लीच्या टोकाच्या तुकडीतला एक माणूस ट्रिब्यूनच्या तंबूत जाऊन ती पाटी घेतो. मग ती एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे, साक्षीदारांसमोर, हातोहात फिरत पुन्हा ट्रिब्यूनच्या तंबूपाशी येते, आणि अंधार पडायच्या आत यायलाच हवी. एखादी अडकली तर पाटीवरच्या खुणेवरून ती कुठे अडकली ते लगेच कळतं. कारखान्यात हजेरीच्या बिल्ल्यांचा फळा ज्यानं पाहिला आहे त्याला या व्यवस्थेचं रहस्य वेगळं सांगायला नको. फळ्यावरच्या रिकाम्या खिळ्यासारखीच इथे न आलेली पाटी बोलते.

त्यानंतरचा प्रसंग मी कितीदा वाचला त्याची गणती नाही. रात्रीच्या फेरीला निघालेला स्वार आपल्याबरोबर साक्षीला माणसं घेतो. पहारेकरी जागा असेल तर त्याच्याकडची चौकीच्या खुणेची पाटी घेतो आणि पुढे जातो. झोपलेला असेल तर? त्याला हलवत नाही, ओरडत नाही. सोबत्यांना फक्त ‘पाहून ठेवा’ अशा अर्थाचं सांगतो आणि पुढच्या चौकीकडे वळतो. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. वाचकाला माहीत आहे की हा उद्या मरणार, त्याला स्वतःला माहीत नाही. पॉलिबियस इथे भावनेचा एकही शब्द खर्च करत नाही, आणि म्हणूनच ती झोप अंगावर येते. सकाळी पाट्या मोजल्या जातात, एक कमी भरते, खुणेवरून चौकी सापडते, साक्षी होतात. साक्ष नसेल तर दोष फेरीवाल्याच्याच माथी. ट्रिब्यून एक काठी घेतो आणि दोषी ठरलेल्याला तिनं नुसता स्पर्श करतो. बाकीचं काम छावणी करते, काठ्या आणि दगडांनी. कुणी त्यातून जिवंत सुटलाच तर त्याला घर उरत नाही. आप्तसुद्धा दारात उभं करायला धजत नाहीत. प्रकरणात हिंसा येते, ती शत्रूवर नाही, आपल्याच माणसावर. काठीचा तो स्पर्श मला कॅनीच्या लढाईतल्या साऱ्या कत्तलीपेक्षा अधिक भयंकर वाटतो.

पॉलिबियसला या शिस्तीचं कौतुक आहे आणि तो ते लपवत नाही. इथे त्याच्याशी माझं भांडण आहे. छावणीतली प्रत्येक गल्ली तो फुटांत मोजतो, पण स्वयंपाक कोण करतं, घोड्यांची लीद कोण उचलतं, हजारो माणसांची शौचाची सोय कुठे, याचा पत्ता लागत नाही. एकाही सैनिकाला नाव नाही. त्याची छावणी सपाट कागदावर वसते. स्पेनमध्ये नुमान्तियाच्या परिसरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शुल्टेन या जर्मन संशोधकानं रोमन छावण्यांचे अवशेष खोदून काढले, तेव्हा जमिनीच्या चढउतारापुढे रेषा वाकलेल्या दिसल्या. काही अभ्यासकांना तर वाटतं की पॉलिबियसनं हे सगळं ट्रिब्यूनांसाठीच्या एखाद्या जुन्या पुस्तिकेवरून घेतलं असावं. असेलही. पण पुस्तिका वाचून अशी रात्र उभी करणारा माणूस लेखकच असतो.

शेवटाकडे एक छोटी तुलना येते. ग्रीक लोक खंदक खणण्याचे कष्ट टाळतात आणि निसर्गानंच दिलेल्या आडोशाच्या जागा शोधतात. त्यामुळे त्यांची छावणी दर वेळी वेगळी, आणि कुणालाच आपली जागा ठाऊक नाही. रोमन मात्र खणतात, घाम गाळतात आणि रोज एकच गाव वसवतात. हे लिहिणारा स्वतः ग्रीक आहे, हरलेल्या बाजूचा आहे, ओलीस आहे. मला यात कुत्सितपणा दिसत नाही. आपलं घर का पडलं हे समजून घेणाऱ्याची कोरडी नजर दिसते. सीझरच्या गॉलच्या युद्धवृत्तान्तात ही नजर नाही. तो स्वतःबद्दल तृतीयपुरुषात लिहितो, ऱ्हाइनवर दहा दिवसांत पूल बांधल्याचं वर्णन तर फारच सुंदर करतो, पण ते जिंकणाऱ्याचं लेखन आहे; त्यात प्रत्येक खांबावर त्याची सही आहे. रोमन फौजेवर लिहिणारा व्हेजेशियस फार उशिराचा, पूर्वी सगळं चांगलं होतं या सुरात अडकलेला. त्याला मी एकदा वाचला, पुरे झाला.

मराठीत याच्या जवळ जाणारं काय, हा विचार मनात येणारच. बखरी नव्हेत. ‘भाऊसाहेबांची बखर’ मी कधीही उघडावी आणि तिच्या ओघात वाहून जावं, पण खंदकाची रुंदी शोधायला तिथे जाऊ नये. मला आठवतं ते शिवाजी महाराजांचं पत्र, चिपळूण भागात पावसाळ्यासाठी तळ दिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना लिहिलेलं. त्यातही लढाई नाही. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा. आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही रयतेला नाडाल आणि तिला यापेक्षा मोगल बरे वाटतील. आणि मग तो उंदीर: दिवा जळता ठेवून झोपलात, उंदरानं पेटती वात ओढून नेली, तर गवताच्या गंजी आणि सगळा तळ जळेल. रोमन फेरीवाला झोपलेल्या पहारेकऱ्याला तसाच झोपू देऊन पुढे जातो. हे पत्र मात्र झोपायच्या आधीच जागं करतं. पॉलिबियसच्या छावणीबाहेर शेतकरी नाही. या पत्रात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. ग्रंथ म्हणून पॉलिबियस मोठा, यात वाद नाही. पण त्या उंदराला त्याच्याकडे जोड नाही.

पुढे, रोमच्या सम्राटांच्या काळात, छावण्या वर्षानुवर्षं एका जागी राहू लागल्या, तेव्हा त्यांच्या वेशीबाहेर दुकानदार, कारागीर आणि निवृत्त सैनिकांच्या वस्त्या वाढल्या. लॅटिनमध्ये त्यांना कानाबाए म्हणत. छावणीसारख्या त्या काटेकोर आखलेल्या नव्हत्या. हे प्रथम वाचलं तेव्हा मी गच्चीत बसलो होतो. खाली आमच्या गल्लीत एका वाणसामानाच्या टेम्पोला वळायला जागा होत नव्हती आणि सगळी गल्ली त्याला एकाच वेळी दिशा सांगत होती. आमच्या गल्लीतही निम्मे घरमालक कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत.

कुणाला पॉलिबियस वाचायचा असेल तर माझं सांगणं एवढंच: पहिल्या भागापासून सुरुवात करू नका, कार्थेजशी झालेल्या प्युनिक युद्धांच्या नावांतच दमाल. सहावा भाग काढा, एकोणिसावं प्रकरण उघडा आणि बेचाळिसाव्याशी थांबा. एका संध्याकाळचं वाचन आहे. इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. झेरॉक्स काढलीत तर एका बाजूनं काढा, मागची कोरी बाजू छावणीचा नकाशा काढायला लागते.