राष्ट्रीय घटना कशाला म्हणायचं?

१९७४ च्या मे महिन्यातल्या दोन तारखा आधी समोर ठेवतो. ८ मे ला रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख माणूस, हजारो तुरुंगात, क्वार्टरमधनं बायकापोरांना बाहेर काढलेलं. आणि १८ मे ला राजस्थानात पोखरणच्या वाळूखाली अणुस्फोट झाला. त्या स्फोटाला नाव चिकटलं हसऱ्या बुद्धाचं. म्हणजे बुद्ध आपला, हसू त्यांचं. संप अजून चालू होता, पण पेपरच्या पहिल्या पानावरनं गाडीवाला कामगार खाली सरकला आणि वर आल्या इंदिराबाई. २७ मे ला संप मागे घ्यावा लागला. स्फोट संप मोडायलाच केला, असं मी म्हणत नाही. तयारी आधीपासनं चालू असणार, बॉम्ब काही आठ दिवसांत होत नाही. मी एवढंच म्हणतो की एकाला राष्ट्रीय अभिमान म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला राष्ट्रीय अडचण. हे नाव कोण ठेवतं? आपले समीक्षक कवितेतल्या प्रतिमेवर पानंच्या पानं लिहितात. पुढाऱ्याची प्रतिमा कशी तयार होते याची समीक्षा कुणी करायची?

बाईंचंच उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यात उघडं आहे. १९६६ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या तेव्हा लोहियांनी त्यांना गूंगी गुडिया म्हटलं होतं. १९६९ च्या जुलैत चौदा बँका सरकारी झाल्या आणि बाहुली बोलायला लागली. १९७१ च्या मार्चमध्ये 'गरिबी हटाव' म्हणून ५१८ पैकी ३५२ जागा. इथपर्यंत सगळं घरातलं होतं. मग पूर्व बंगालातनं एक कोटीच्या आसपास निर्वासित आले. टपालाला निर्वासित मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट लागायला लागलं, आणि डिसेंबरात तेरा दिवसांची लढाई झाली. १६ डिसेंबरला पाकिस्तानी फौजेनं ढाक्यात शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर बाईंचं काय म्हणून माप घ्यायचं? मापच मोडलं. १९७२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. त्याच वेळी महाराष्ट्राच्या गावागावांत दुष्काळ उंबऱ्यावर येऊन बसला होता. खडी फोडणाऱ्या बाईच्या पदरात ढाक्याचा विजय किती आला, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर त्याला देशद्रोही म्हटलं असतं.

विचारला की! त्याच १९७२ च्या १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांच्या झगमगाटात, 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला शिक्षा किती आणि दलित बाईच्या अपमानाला किती, एवढाच हिशेब मांडला. भडका उडाला तो झेंड्यावरनं. बाईवरनं नाही उडाला. आज तो लेख वाचताना लढाई आणि तो भडका यांच्यातलं अंतर मोजायला पाहिजे. जेमतेम आठ महिने. लढाईनं झेंडा एवढा उंच नेला होता की त्याच्या खाली कोण उभं आहे ते दिसेना. ढालेंची भाषा शिवराळ, असं म्हणणाऱ्यांनी त्या आठ महिन्यांतली इतरांची गोडगोड भाषाही एकदा तपासावी.

आता जी गोष्ट बोलायला जीभ जड होते ती. आणीबाणी आली २५ जून १९७५ ला. हुसेननी बाईंना दुर्गा करून रंगवलं. ते चित्रकार, त्यांच्या गिऱ्हाइकांना दुर्गा लागते. पण १९७६ मध्ये नामदेव ढसाळांनी 'प्रियदर्शिनी' लिहिली. ज्या माणसानं 'गोलपिठा' लिहून मराठी कवितेचं तोंड गटारात बुडवून तिला शुद्धीवर आणलं, त्यानं सत्तेवरच्या बाईसाठी पुस्तक करावं! यावर आपल्याकडं दोनच प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक, विकला गेला. दोन, मोठा कवी आहे, गप्प बसा. दोन्ही आळशी माणसाची मतं आहेत.

जरा त्या दिवसांत जाऊन बघा. १ जुलै १९७५ ला वीस कलमी कार्यक्रम आला. त्यात भूमिहीनाला घराची जागा होती, वेठबिगारी संपवायचं होतं, खेड्यातल्या कर्जाची वसुली थांबवायची होती. वेठबिगारी मोडायचा कायदा १९७६ चा आहे. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा दुरुस्त करून कडक केला गेला, तोही १९७६ मध्येच. ज्याच्या भावकीतलं कुणी सावकाराच्या ओट्यावर आयुष्य घालवून बसलंय, त्याला वर्तमानपत्राच्या स्वातंत्र्यापेक्षा ही कलमं जवळची वाटली तर त्यात नवल काय? त्या वर्तमानपत्रांनी आपलं कधी छापलं होतं? संपादकाच्या तोंडात बोळा बसला तेव्हा त्याला कळलं की बोळा कसा लागतो. आपल्याला ती चव जुनी. तेव्हा त्या पुस्तकामागं नुसता लोभ बघणाऱ्यानं आपल्या वस्तीतला तेव्हाचा उसासाही ऐकावा.

पण समीक्षा इथं थांबत नाही. त्याच १९७६ च्या मे महिन्यात मानखुर्दची जनता कॉलनी पाडली. सुमारे सत्तर हजार वस्ती. ही माणसं महापालिकेनंच पूर्वी शहरातनं उचलून तिथं नेऊन टाकलेली. त्यात आपले होते, मुसलमान होते, तमिळ होते. जागा पाहिजे होती शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला. तेच केंद्र, ज्यानं पोखरणचा बॉम्ब केला. माणसं चिता कँपच्या दलदलीत नेऊन सोडली. आता जोडून बघा. मे १९७४ मध्ये वाळू उडाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत जनता कॉलनीतली पोरंही असतील. दोन वर्षांनी त्याच केंद्रासाठी त्यांच्या डोक्यावरचे पत्रे निघाले. माझ्या मते 'प्रियदर्शिनी'ची खरी समीक्षा जनता कॉलनीत आहे. एकाच वर्षी, एकाच शहरात, कवी बाईंकडं बघत होता आणि बाईंचं सरकार वस्तीकडं. कवीची मान त्या वर्षी चुकीच्या बाजूला वळलेली होती, एवढं म्हणायला मला त्याचं मोठेपण आड येत नाही.

बाई १९७७ च्या मार्चमध्ये पडल्या. मेच्या शेवटी बिहारात बेलछीला अकरा माणसं गोळ्या घालून आगीत टाकली, बहुतेक दलित. ऑगस्टमध्ये बाई चिखलातनं, पाण्यातनं, शेवटी हत्तीवर बसून तिथं पोचल्या. आज कुणालाही विचारा, बेलछी म्हटलं की हत्ती आठवतो. अकरांतल्या एकाचं तरी नाव सांगा म्हणावं. आपलं मढं त्यांच्या प्रतिमेच्या कामी आलं. मला बाईंचा राग येत नाही, त्या निदान गेल्या तरी. नव्या सरकारातल्या लोकशाहीवाल्यांना तेवढाही चिखल तुडवावासा वाटला नाही. राग येतो तो हत्तीचा फोटो बघून मत बनवणाऱ्याचा. १९८० च्या जानेवारीत बाई ३५३ जागा घेऊन परत आल्या, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा होता आणि हत्तीचाही होता.

जगभर हेच चालतं. विलायतेत १९८१ मध्ये थॅचरबाईंना कुणी विचारत नव्हतं. १९८२ च्या एप्रिलमध्ये फॉकलंडची लढाई लागली, जूनमध्ये जिंकली, पुढच्या वर्षी निवडणूक जिंकली, आणि १९८४-८५ मध्ये त्याच ताकदीवर खाणकामगारांचा संप मोडला. लढाईत मिळालेली तलवार घरच्याच कामगारावर चालली.

मग सगळीच माणसं मेंढरं म्हणायची का? नाही. इथं मला गिरणगावाबद्दल बोलायचंय, आणि जरा सविस्तर बोलायचंय, कारण या मातीत दोन वेळा वेगळं घडलं.

पहिल्यांदा १९७४ च्या जानेवारीत. मध्य-दक्षिण मुंबईची पोटनिवडणूक. दलित पँथरनं ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात सभा घेतली, बहिष्कार जाहीर केला. दगड आले, पोलीस आले, मग कितीतरी दिवस चाळीचाळींतनं मारामाऱ्या. १० तारखेच्या मोर्चावर परळला वरनं पाटा टाकला आणि भागवत जाधव गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. ढाक्याच्या विजयाला दोन वर्षंच झाली होती. बाहेर १९७३ च्या ऑक्टोबरातल्या अरब-इस्रायल लढाईनं तेलाचा भाव चौपट झाला होता, रॉकेलला रांगा होत्या. दिल्लीतल्या बाईंची प्रतिमा वरळीत चालली नाही, कारण वरळीतल्या माणसाची स्वतःची घटना त्याच्या दारात घडत होती.

दुसऱ्यांदा १९८४ च्या डिसेंबरात. ३१ ऑक्टोबरला बाईंची हत्या झाली. देशभर अशी लाट की राजीव गांधींना चारशेच्या वर जागा. आणि त्या लाटेत मुंबई दक्षिण-मध्यमधनं निवडून आले डॉक्टर दत्ता सामंत! १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख कामगारांचा संप, ज्याची भांडी विकून झाली, गाव गाठून झालं, त्या माणसानं टीव्हीवरची चिता बघितली, हळहळला, आणि शिक्का मारला स्वतःच्या पोटाकडं बघून. हे मला हिंदुस्थानच्या मतदानातलं सगळ्यात सुंदर पान वाटतं.

सुंदर म्हटलं तरी पुरतं वाचलं पाहिजे. ज्या चाळींतनं १९७४ ला आपल्यावर दगड आले, त्यांतलेच कितीतरी हात १९८४ ला आपल्या हाताशेजारी शिक्का मारत होते. भांडवलदार समोर उभा असला की आम्ही कामगार, जयंतीची मिरवणूक निघाली की आम्ही महार. गिरणीत हे जुनंच. साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्णाला आपली उष्टी कांडी चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना तो अवेळी वाटला. त्यांच्या लेखी संप ही घटना होती, कांडी नव्हती.

बाबासाहेबांच्या वाट्याला तर हा न्याय आयुष्यभर आला. १९३२ च्या सप्टेंबरात गांधींनी उपास मांडला आणि चार दिवसांत सगळा देश एका खाटेभोवती उभा राहिला. स्वतंत्र मतदारसंघ मागणारा माणूस रातोरात खलनायक झाला. मागणी तीच होती, फक्त घटना बदलली. १९५२ ला राज्यघटना लिहिणारा हा माणूस मुंबईत पडला, नेहरूंच्या लाटेत. म्हणून १९४३ मध्ये पुण्यात रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर ते जे बोलले ते आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचलं गेलं पाहिजे. पेपरवाले पुढाऱ्याचा ढोल बडवतात, हे त्यात स्पष्ट आहे. मोठा माणूस समाजाचा चाबूकही असावा लागतो आणि झाडूवालाही, हे त्यांचं माप. या मापात लढाई जिंकणं कुठंच बसत नाही.

हे माप आपल्या घरातल्या पुढाऱ्यांनाही लावायचं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. चिडलेला समाज एक झाला, त्यानं रेटा लावून गट एकत्र बसवले, आणि १९९८ च्या मार्चमध्ये आपले चार जण खुल्या जागांवरनं लोकसभेत गेले : प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले. दोनच महिन्यांनी पोखरणला पुन्हा स्फोट झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कांद्यानं दिल्ली आणि राजस्थानातलं भाजपचं राज्य घालवलं. पहिल्या बॉम्बनं रेल्वेचा संप झाकला होता, दुसऱ्याला कांदाही झाकता आला नाही. आपले चौघे मात्र १९९९ ची निवडणूक येईतो पुन्हा आपापल्या गटात होते. आज बॅनरवर ते ऐक्य असतं, खाली फोटो वेगवेगळे.

आणि विलास घोगरे. शाहीर. गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ ला, मुलुंडच्या आपल्या झोपडीत त्यानं जीव दिला. मरण्याआधी त्यानं भिंतीवर आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार लिहून ठेवला. खाली कुठल्याच पुढाऱ्याचं नाव नव्हतं.