एका रकान्यात न मावणारा बदल

पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांना एक विषय हमखास सुचतो. ओपन सोर्स प्रकल्प दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांवर उभे असतात. त्यातल्या एखाद्या लायब्ररीचं लायसन्स बदललं, तर वरच्या प्रकल्पांवर काय परिणाम होतो? विषय उत्तम आहे. माझा आक्षेप त्यासाठी बहुतेक वेळा निवडल्या जाणाऱ्या पद्धतीवर आहे.

ती पद्धत अशी: पॅकेज रजिस्ट्रीतून प्रत्येक आवृत्तीची माहिती उतरवून घ्यायची, तिच्यातला 'लायसन्स' हा रकाना वाचायचा, एका आवृत्तीत 'एमआयटी' आणि पुढच्या आवृत्तीत 'जीपीएल' दिसलं की एक बदल धरायचा. मग त्या लायब्ररीवर अवलंबून असलेले प्रकल्प मोजायचे आणि लिहायचं, 'इतक्या प्रकल्पांवर परिणाम झाला'. आकडा मोठा येतो, आलेख छान दिसतो. पण त्या आकड्याचा अर्थ काय, हे विचारलं की पंचाईत होते.

आधी एक मूलभूत गोष्ट पक्की करून घ्या. लायसन्स लागू होतं ते त्या-त्या आवृत्तीला. मालकाने उद्या नव्या अटी आणल्या, तरी काल ओपन सोर्स म्हणून दिलेल्या आवृत्तीचे हक्क सहसा परत घेता येत नाहीत. म्हणजे 'लायसन्स बदललं' याचा नेमका अर्थ 'अमुक आवृत्तीपासून पुढे अटी बदलल्या' एवढाच. आता तीन प्रकरणं बघा.

पहिलं अक्काचं. सप्टेंबर २०२२ मध्ये लाइटबेंड कंपनीने अक्का ही लायब्ररी अपाचे २.० वरून बिझनेस सोर्स लायसन्सवर नेली. २.७ आवृत्तीपासून मोठ्या कंपन्यांना प्रत्यक्ष कामात वापरण्यासाठी पैसे मोजावे लागणार होते. अपाचे फ्लिंक हा प्रकल्प आपल्या अंतर्गत संदेशवहनासाठी अक्कावर अवलंबून होता, आणि अशा लायसन्सची लायब्ररी सोबत देणं अपाचे फाउंडेशनच्या नियमांत बसत नाही. मग फ्लिंकने काय केलं? नवी आवृत्ती घेतलीच नाही. जुनी वापरायला कायद्याची काहीच आडकाठी नव्हती. पण जुन्या २.६ मालिकेला गंभीर दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ पर्यंतच मिळतील, असं कंपनीने जाहीर केलं होतं. त्यामुळे घड्याळ सुरू झालं. जुन्या अक्कातून पेक्को नावाचा फोर्क निघाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या फ्लिंक १.१८ ने अक्का सोडून पेक्को घेतला.

आता आपली पद्धत इथे लावून बघा. फ्लिंकने वापरलेल्या अक्काच्या सगळ्या आवृत्त्यांपुढे 'अपाचे २.०' असंच लिहिलेलं दिसेल. पेक्कोपुढेही तेच. फ्लिंकच्या बाजूने रकाना वाचला तर बदल शून्य. प्रत्यक्षात मात्र वर्षभर लोकांनी चर्चा केली, फोर्क उभा केला, कोड बदलला, पुन्हा चाचण्या घेतल्या. परिणाम झाला तो बदललेल्या आवृत्तीमुळे नाही, तर ती न घेतल्यामुळे.

दुसरं प्रकरण रुबीतल्या माइममॅजिकचं. फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणारी ही छोटीशी लायब्ररी. तिच्यावर एमआयटी लायसन्सची पाटी होती. पण तिच्या पोटातली फाइल-प्रकारांची यादी दुसऱ्या एका जीपीएल प्रकल्पातून आलेली होती. मार्च २०२१ मध्ये हे लक्षात आणून दिल्यावर माइममॅजिकच्या मेंटेनरने जीपीएलखाली नव्या आवृत्त्या काढल्या आणि जुन्या रजिस्ट्रीवरून काढून घेतल्या. रुबी ऑन रेल्स थेट माइममॅजिक वापरत नव्हतं. रेल्सच्या आत मार्सेल, मार्सेलच्या आत माइममॅजिक. तरीही जुनी आवृत्ती सापडेना म्हणून जगभरातल्या रेल्स प्रकल्पांचे बिल्ड अडकले. काही दिवसांतच मार्सेलने अपाचे टिकाची यादी घेतली आणि रेल्सने दुरुस्त आवृत्त्या काढल्या. पुढे माइममॅजिकनेही ती यादी सोबत देणं थांबवलं आणि ते एमआयटीवर परतलं.

रकान्यात हे 'मार्च २०२१, एमआयटी ते जीपीएल' असं दिसेल. पण अटी तेव्हा बदलल्या का? नाही. चुकीची पाटी तेव्हा दुरुस्त झाली, एवढंच. मूळ गुंता त्याआधीपासून होता. शिवाय बिल्ड मोडले ते लायसन्समुळे नव्हे, जुन्या आवृत्त्या गायब झाल्यामुळे. जीपीएलच्या मुख्य अटी लागू होतात सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिल्यावर. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेल्या संकेतस्थळाला सहसा त्यांची झळ लागत नाही. मग 'परिणाम झालेले प्रकल्प' मोजताना सर्व्हरवरचं संकेतस्थळ आणि ग्राहकाला विकलेलं सॉफ्टवेअर एकाच टोपलीत कसं टाकायचं?

तिसरं प्रकरण रिअ‍ॅक्टचं, आणि ते तर पद्धतीच्या अगदी उलट जातं. फेसबुकने रिअ‍ॅक्टला बीएसडी लायसन्ससोबत पेटंटविषयीची एक वेगळी फाइल जोडली होती. जुलै २०१७ मध्ये अपाचे फाउंडेशनने ही जोडगोळी आपल्या प्रकल्पांसाठी निषिद्ध ठरवली. त्या दिवशी रिअ‍ॅक्टच्या लायसन्समध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं; बदलला होता तो वापरणाऱ्यांचा नियम. पुढे सप्टेंबरमध्ये रिअ‍ॅक्ट १६ एमआयटीखाली आलं आणि अडचण सुटली. आपला रकाना इथे संकट टिपणार नाही, सुटकेचा दिवस मात्र 'बदल' म्हणून मोजेल.

मग रकाना फेकून द्यायचा का? नाही. कुठे खणायचं हे तो दाखवतो. हजारो पॅकेजांतून संशयास्पद पन्नास निवडायला त्याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. फक्त त्याला निष्कर्ष समजू नका. प्रत्येक नोंदीला निदान चार प्रश्न विचारा. बदल मालकाने ठरवून केला, की जुनी चूक दुरुस्त झाली? जुनी आवृत्ती अजून मिळते का, आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण देतं? वरचा प्रकल्प ती लायब्ररी थेट वापरतो की दोन-तीन पायऱ्यांवरून? आणि तो प्रकल्प सॉफ्टवेअर इतरांना देतो की फक्त चालवतो?

याची उत्तरं रजिस्ट्रीत मिळणार नाहीत. त्यासाठी इश्यू वाचावे लागतील, लॉक फाइली उघडाव्या लागतील, मेंटेनरांची चर्चा तारीखवार लावावी लागेल. काम कंटाळवाणं आहे, आणि दहा लाख पॅकेजांवर ते होणारही नाही. पण विचार करा, या सगळ्यात किंमत कोण मोजतं? ज्याने लायसन्स बदललं तो नव्हे. ज्याला कुणी विचारलंच नाही, असा चार पायऱ्या वरचा मेंटेनर, आणि तोही अनेकदा बिनपगारी. पेक्को उभारण्यात गेलेलं वर्ष कुठल्याही रकान्यात नोंदलेलं नाही. तुमच्या प्रबंधाला त्या वर्षाचा हिशेब मांडता येणार नसेल, तर 'परिणाम' हा शब्द शीर्षकात घेऊ नका. 'लायसन्सच्या नोंदींतले बदल' असं प्रामाणिक नाव द्या. तोही अभ्यासाचा विषय आहेच, फक्त लहान आहे.