माणसांची भिंत : ‘घाशीराम कोतवाल’, ‘महानिर्वाण’ आणि समूहाचे रंगकर्म

मराठी प्रायोगिक रंगभूमीविषयीच्या विवेचनात ‘अल्पखर्चिक’ हे विशेषण बहुधा सहानुभूतीने वापरले जाते. साधने नव्हती, म्हणून नेपथ्य नव्हते. पैसा नव्हता, म्हणून कल्पकता आली, असा त्यामागील युक्तिवाद असतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने सादर केलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या प्रयोगाला हा युक्तिवाद लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तेथे वस्तूंवरील खर्च वाचला हे खरे. परंतु माणसे, त्यांचे गळे, त्यांचे पाय आणि त्यांचा वेळ यांचा जो व्यय झाला तो तत्कालीन व्यावसायिक नाटकाला परवडणारा नव्हता. दिवाणखान्याचा सेट एकदा उभारला की तो मुकाट्याने उभा राहतो. बारा ब्राह्मणांची रांग मात्र प्रत्येक प्रयोगात नव्याने उभी करावी लागते, तिला सुरात ठेवावे लागते आणि एकाचा पाय चुकला तर भिंतीलाच तडा जातो.

या रांगेचे मूळ कोकणातील खेळ्यांमध्ये शोधले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि ‘लोककलेचा वापर’ एवढ्या शब्दांत तिची वासलात लावणे हा आपल्या समीक्षेचा आळस आहे. रांग पाठमोरी होते तेव्हा तिच्यामागे जे चालते ते झाकले जाते. ती तोंड वळवते तेव्हा तीच माणसे देवाचे नाव घेत असतात. म्हणजे पडदा आणि समाज या दोन गोष्टी येथे वेगळ्या राहत नाहीत. अत्याचार कोण लपवते, या प्रश्नाचे उत्तर संवादातून नव्हे तर शरीरांच्या रचनेतून मिळते. रंगवलेल्या पडद्यावर कितीही खर्च केला असता तरी हे साधले नसते, कारण रंगवलेला पडदा निरपराध असतो.

विजय तेंडुलकर यांच्या संहितेत ही रांग आहेच. परंतु तिला हालचाल दिली ती कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचनेने, आवाज दिला तो भास्कर चंदावरकर यांच्या संगीताने आणि या सर्वांना एका लयीत बांधले ते जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाने. चंदावरकर हे सतारवादक, पं. रविशंकर यांचे शिष्य. अभंग, कीर्तन, लावणी यांच्या चाली त्यांनी अशा रीतीने एकमेकींत मिसळल्या की भक्ती कोठे संपते आणि शृंगार कोठे सुरू होतो हे प्रेक्षकाला सांगता येऊ नये. नाटकाचा उपहास मुख्यतः या संक्रमणांत आहे. आपण मात्र पदव्युत्तर वर्गात ‘घाशीराम’ शिकवतो ते तेंडुलकरांचे पुस्तक म्हणून. चाली पुस्तकात छापलेल्या नाहीत, म्हणून त्या अभ्यासक्रमातही नाहीत. परिणामी विद्यार्थी नाना फडणवीस आणि घाशीराम यांची ‘व्यक्तिचित्रे’ लिहितो आणि ज्या समूहावाचून ही दोन्ही पात्रे उभीच राहू शकत नाहीत तो समूह उत्तरपत्रिकेबाहेर राहतो.

एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या नेतृत्वाने नाटक थांबवले. ब्राह्मणांची आणि नाना फडणवीसांची बदनामी, हा आक्षेप सर्वश्रुत आहे; हे ऐतिहासिक नाटक नव्हे, हा नाटककाराचा खुलासाही तितकाच. घाशीरामचा अंत १७९१ सालचा, आणि ज्या पेठांमध्ये ते घडले त्याच पेठांमध्ये बसून प्रेक्षक ते पाहत होते, ही गोष्ट आक्षेपाच्या तीव्रतेमागे निश्चितच होती. संस्थेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली व जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा रंगमंचावर आणले. १९८० मध्ये ते युरोपात गेले. (परदेशी कौतुकानंतर येथील काही विरोध सौम्य झाला, हा आपल्या अभिरुचीवरील स्वतंत्र शेरा होय.)

येथे एक अर्थशास्त्रीय बाब नोंदवली पाहिजे. पटेल व्यवसायाने डॉक्टर, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे अध्यापक. ज्यांची उपजीविका नाटकावर नव्हती अशांनी दिलेली विनामोबदला संध्याकाळ हे या रंगभूमीचे खरे भांडवल होते. ज्या सुशिक्षित, पगारदार, बहुतांशी पांढरपेशा वर्गाची ही टवाळी होती, त्याच वर्गाच्या स्थैर्यावर ती उभी होती. याने प्रयोगाची धार बोथट होत नाही. परंतु हे ‘गरीब’ रंगभूमीचे उदाहरण म्हणून सांगताना संकोच वाटला पाहिजे.

आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) हीच साधने अधिक काटकसरीने आणि माझ्या मते अधिक खोलवर वापरली गेली. मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणावर कीर्तन करतात, चाळकरी टाळकऱ्यांसारखे साथ देतात आणि जुन्या स्मशानातच दहन व्हावे या हट्टापायी प्रेत घरात अडून राहते. कीर्तनकाराला रंगमंच लागत नाही; पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत तो एकटाच अनेक पात्रे होतो. चंद्रकांत काळे यांचा गळा हेच या प्रयोगाचे नेपथ्य होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. ‘घाशीराम’मध्ये समूह सत्तेचा साक्षीदार आहे, येथे तो शेजारधर्म आहे, म्हणजे अधिक ओळखीचा आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारा. खांदेकऱ्यांतील ‘डावीकडून तिसरा’ रमाच्या मनात भरतो, तेव्हा प्रेक्षागृहातील हसू किंचित उशिरा येते.

दोन्ही प्रयोगांची एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ‘घाशीराम’चे संगीत इतके मोहक आहे की प्रेक्षक अनेकदा भिंतीमागील गौरीला विसरून भिंतीच्या ठेक्यावर मान डोलावतो. ती रांग संपूर्ण पुरुषांची आहे. स्त्री तिच्या पुढे नाचते किंवा मागे नाहीशी होते, रांगेत उभी राहत नाही. रमाला निदान इच्छा आहे, आणि ती बोलून दाखवण्याइतका अवकाशही आहे. गौरीला इच्छाही नाही. समूहनाट्याच्या या रचनेत स्त्रीचे स्थान कोणते, हा प्रश्न १९७२ च्या वादात कोणी विचारला नाही. वाद नानांच्या प्रतिमेचा होता.