दारिद्र्य : धन्यता की दुःख?

परमपूज्य बाबासाहेबांनी 1938 च्या प्रारंभी सोलापूर येथे भारतीय ख्रिस्ती बांधवांच्या सभेत जे भाषण केले, ते आमच्या जिल्ह्याच्या वैचारिक इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय. धर्मांतराचा विचार त्यांनी 1924 साली बार्शी येथील प्रांतिक बहिष्कृत परिषदेतच सूचित केला होता. सोलापुरात ते एका धर्माच्या अनुयायांशी समोरासमोर बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींचा आपल्या मनावर ठसा उमटला आहे, असे त्यांनी तेथे सांगितले. परंतु त्याच सभेत, अस्पृश्याला ख्रिस्ती केले की आपले कर्तव्य संपले असे मिशनऱ्यांना वाटते, त्याच्या राजकीय हक्कांची त्यांना चिंता नाही. दक्षिणेत चर्चमध्येही जात पाळली जाते. महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला तर शिष्यवृत्तीला मुकतो. आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज समाज म्हणून कधी लढलेला नाही, असेही त्यांनी परखडपणे सुनावले. आदर आणि परीक्षण यांचा हा संयोग आम्हांस अनुकरणीय वाटतो. त्याच वृत्तीने ख्रिस्ती अर्थविचाराची तपासणी येथे करावयाची आहे.

प्रथम त्या परंपरेचे जे देणे आहे ते मान्य केले पाहिजे. यहुदी धर्मग्रंथांत सातव्या वर्षी ऋणमुक्ती आणि पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत करण्याचा नियम सांगितला आहे. आमोस या संदेष्ट्याने गरिबाला क्षुल्लक किमतीस विकणाऱ्या धनिकांवर जो कोरडा ओढला, त्याची धार आजही कमी झालेली नाही. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने मालमत्ता सामाईक केल्याचे वर्णन नव्या करारात आहे. मात्र ज्या एका वचनावर शतकानुशतके प्रवचने झाली, ते गरिबांना धन्य म्हणणारे वचन दोन शुभवर्तमानांत दोन प्रकारे येते. लूक सरळ गरिबांविषयी बोलतो. मत्तय त्याला आत्म्याचे विशेषण जोडतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हात पसरण्याची पाळी आलेला निष्कांचन असा आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘दीन’ हा शब्द येतो. ‘दीन’ शब्दात नम्रतेची छटा आहे, ‘दरिद्री’ शब्दात ती नाही. शब्दाच्या या मार्दवात भाकरीचा प्रश्न मनोवृत्तीचा प्रश्न होऊन बसतो, हे भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

बाबासाहेबांनी 1950 साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला, त्यात धर्माच्या कसोट्यांपैकी एक अशी की, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्याने तिचा त्याग करणे श्रेष्ठ असू शकेल. परंतु लादलेले दारिद्र्य कधीही श्रेष्ठ असू शकत नाही, असा त्यांचा आशय आहे. पाली साहित्यात हा भेद स्पष्ट आहे. भिक्खूची ‘अप्पिच्छता’ हा गुण आहे. गृहस्थाचे ‘दलिद्दिय’ हे दुःख आहे. अंगुत्तरनिकायातील इणसुत्तात तथागतांनी दारिद्र्यापासून कर्ज, कर्जापासून व्याज, व्याजापासून तगादा, तगाद्यापासून पाठलाग आणि शेवटी बंधन अशी साखळी मांडली आहे. सावकाराच्या वहीत अंगठा उठवलेल्या आमच्या तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला या सुत्ताची अट्ठकथा वाचून दाखविण्याची गरज नाही.

आता आधुनिक राजकारणाकडे वळू. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली काढलेल्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाने कामगाराला निर्वाहयोग्य वेतन आणि संघटनेचा हक्क मान्य केला, ही मोठीच गोष्ट होती. तथापि त्याच परिपत्रकाने समाजवाद नाकारला, खाजगी मालमत्ता निसर्गसिद्ध ठरविली आणि माणसामाणसांतील विषमता अटळ मानली. पुढे 1967 च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ने खाजगी मालमत्तेचा हक्क निरपेक्ष नाही असे सांगितले. लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी 1968 मध्ये मेदेयिन येथे अन्याय हा समाजरचनेतच आहे हे ओळखले आणि 1979 मध्ये पुएब्ला येथे गरिबांची बाजू घेण्याचा निर्णय शब्दबद्ध केला. गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचा मुक्तीचे ईश्वरशास्त्र मांडणारा ग्रंथ 1971 मधील. मात्र 1984 साली रोमहून या विचारधारेतील मार्क्सवादी प्रभावावर कडक आक्षेप घेण्यात आले. पुढे पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये वरची समृद्धी आपोआप खाली झिरपते या कल्पनेवर टीका केली. 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी तर ‘रेरुम नोव्हारुम’ची आठवण ठेवूनच लिओ हे नाव धारण केले. तेव्हा ख्रिस्ती विचार दयेकडून न्यायाकडे सरकला आहे, हे अमान्य करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु दया आणि न्याय यांतील सीमारेषा नेमकी कोठे आहे? याचे उत्तर आम्हांस दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात सापडते. राजा प्रजेचे रक्षण करतो, परंतु निर्धनांना धन पुरवीत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी उद्भवते. या सुत्ताचा पुढील भाग बहुधा दुर्लक्षित राहतो. पहिला चोर पकडला जातो तेव्हा राजा त्याची कहाणी ऐकून द्रवतो आणि त्याला धन देतो. परिणाम काय? चोरी केली की धन मिळते, हे पाहून चोऱ्या वाढतात. मग राजा शिरच्छेदाचा मार्ग धरतो आणि लोक शस्त्रे घडवितात. याचा अर्थ असा की, रचना न बदलता व्यक्तीला दिलेले दान आणि त्यानंतरचा दंड हे दोन्ही उपाय सारखेच निष्फळ आहेत. कूटदंतसुत्त पर्याय सांगते : शेतकऱ्याला बी आणि चारा, व्यापाऱ्याला भांडवल, राजसेवकाला अन्न व वेतन. हे दान नव्हे, हे अर्थनीतीचे सूत्र आहे. जेथे ख्रिस्ती विचार हे सूत्र गाठतो तेथे तो आमचा सहप्रवासी आहे; जेथे तो श्रीमंताच्या हृदयपरिवर्तनावर विसंबतो तेथे तो त्या राजाच्या पहिल्या चुकीपाशीच थांबलेला असतो.

येथे लेख संपविला तर तो आत्मस्तुती ठरेल. आमच्या परंपरेकडेही बोट दाखविले पाहिजे. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंगसुत्तात दारिद्र्याचे कारण पूर्वजन्मातील कृपणता असे सांगितलेले आढळते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अशा पूर्वकर्मवादाला ठाम नकार दिला. त्यामुळे राज्य आणि समाज गरिबांविषयीच्या जबाबदारीतून सुटतात, हे त्यांनी ओळखले. आमच्या मते प्रस्तुत विषयाचे मर्म येथेच आहे. एक परंपरा दारिद्र्याचे कारण मागल्या जन्मात ढकलते, दुसरी त्याचा मोबदला पुढल्या जगात ठेवते. दोन्हींमध्ये आजचा धनको निर्दोष सुटतो. शिवाय निकायांत धन पुरविणारा राजा आहे, धन मागणारा हक्कदार प्रजाजन मात्र क्वचितच दिसतो. आमोसचा संताप तेथे नाही. ती उणीव बाबासाहेबांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनाने आणि संविधानाने भरून काढली.

ख्रिस्ती समाजापुढील सोलापूरचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. 1980 च्या दशकात अरविंद निर्मल यांनी भारतीय ख्रिस्ती ईश्वरशास्त्र उच्चवर्णीय तत्त्वज्ञानात रमले आणि दलितांना विसरले, असा आरोप घरातूनच केला. शेजारच्या उस्मानाबादेत जानेवारी 2020 मध्ये झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हरित पट्ट्यासाठी आंदोलन उभारून धर्मगुरू रस्त्यावर उतरू शकतो हे दाखविले होते. जातीच्या प्रश्नावर चर्चने समाज म्हणून तितक्याच निर्धाराने उतरावे, ही अपेक्षा रास्त आहे.

आणि आमच्यापुढेही एक प्रश्न आहे. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यांच्या मागणीचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. धर्म बदलल्याने शिष्यवृत्ती जाते, ही खंत बाबासाहेबांनी 1938 मध्ये त्यांच्याच सभेत बोलून दाखविली होती. 1990 पर्यंत आम्हीही हाच अन्याय सोसला आहे. आपल्या वाट्याला कात्री लागेल या भीतीने आज आम्ही गप्प बसलो, तर दुसऱ्याच्या धर्माचे परीक्षण करण्याचा अधिकार आम्हांस उरणार नाही. वाटा अपुरा असेल तर तो वाढवून मागावा. भुकेल्यांनी भुकेल्यांविरुद्ध उभे राहू नये. गरिबीला धन्य न मानणाऱ्या धम्माने कोणाचीही गरिबी, मग तो कोणत्याही प्रार्थनास्थळात जाणारा असो, योग्य मानता कामा नये.