‘शामन’ हा शब्द आणि अधिकाराचा प्रश्न

सायबेरियातील एव्हेंकी भाषेतला ‘शामन’ हा शब्द सतराव्या शतकात रशियन व डच लेखनाच्या द्वारे युरोपात शिरला. आज तो सायबेरियापुरता राहिलेला नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वैदू, कोरियातील ‘मुदांग’, उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोकांचा ‘नोआइदी’ ह्या सर्वांना तोच एक शब्द लावला जातो. आणि गेल्या अर्धशतकात तर अमेरिकेतील व युरोपातील नगरांतून वर्ग भरवून साधना करणारे स्त्रीपुरुषही तो स्वतःकडे घेऊ लागले आहेत. ही आधुनिक साधना आदिवासी परंपरांचा आणि साधकाच्या स्वतःच्या वारशाचा मान राखून करता येईल काय, हा प्रश्न बहुधा नीतीचा म्हणून मांडला जातो. परंतु त्याचे मूळ भाषेत आहे. अनेक समाजांच्या अनेक पदांना एकच नाव दिले म्हणजे ते पद कोणी दिले, कोणासाठी दिले आणि कोणत्या अटींवर दिले, ह्या गोष्टी नावाबरोबरच पुसल्या जातात.

ह्या शब्दाची व्युत्पत्ती भारतीय अभ्यासकास विशेष बोधप्रद आहे. संस्कृत ‘श्रमण’, प्राकृत ‘समण’, तेथून मध्य आशियातील बौद्धांच्या भाषा आणि अखेर तुंगूस भाषा असा त्याचा प्रवास काही विद्वानांनी मांडला. बर्थोल्ड लाउफर ह्यांनी १९१७ मध्ये हे मत अमान्य केले. मिरोनोव्ह व शिरोकोगोरोव्ह ह्यांनी १९२४ मध्ये पुन्हा त्याचा पुरस्कार केला. वाद आजही पूर्णतः मिटलेला नाही. परंतु उद्या तो ‘श्रमणा’च्या बाजूने मिटला, तरी त्यातून निष्पन्न काय होणार? गृहत्याग करून निर्वाणाच्या शोधात निघालेला भिक्षू आणि आपल्या कुळातील रुग्णासाठी भुताखेतांशी झुंजणारा एव्हेंकी साधक ह्यांची कर्तव्ये भिन्नच राहतील. शब्दाचे नाते हे वारसाहक्काचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

आधुनिक साधनेची सैद्धांतिक पूर्वपीठिका मिर्चा एलियाडे ह्यांच्या १९५१ च्या फ्रेंच ग्रंथात आढळते. समाधिसदृश उन्मनी अवस्थेचे आदिम तंत्र अशी त्यांनी शामनप्रथेची व्याख्या केली. ‘तंत्र’ म्हटले की ते शिकता व शिकविता येते, आणि एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी नेताही येते. हा गर्भितार्थ प्रत्यक्षात आणला तो मायकेल हार्नर ह्यांनी. ‘द वे ऑफ द शामन’ ह्या १९८० च्या पुस्तकात त्यांनी सर्व परंपरांतील समान गाभा वेगळा काढल्याचा दावा केला. मिनिटाला २०० हून अधिक ठोक्यांचा ढोलाचा एकसुरी नाद, अधोलोक व ऊर्ध्वलोक ह्यांचा मानसप्रवास, साहाय्यक प्राण्याची भेट, एवढी ह्या साधनेची सामग्री.

हार्नर ह्यांच्या भूमिकेस न्याय दिला पाहिजे. ते हौशी प्रवासी नव्हते. १९५६-५७ मध्ये इक्वाडोरमधील शुआर लोकांत राहून त्यांनी क्षेत्रकार्य केले होते. शिवाय कोणत्याही एका जमातीचा विधी उचलावयाचा नाही, केवळ मानवजातीस समान असलेले तेवढेच घ्यावयाचे, हा त्यांचा युक्तिवाद अपहाराचा आरोप टाळण्यासाठी पुरेसा वाटतो. ज्यांच्या घरची परंपरा तुटली आहे, त्यांना तो आधारही देतो.

तथापि ह्या युक्तिवादाचे खंडन हार्नर ह्यांच्याच आधीच्या ग्रंथात सापडते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शुआरविषयक ग्रंथात ‘उविशिन’ हा बरे करणारा तसाच मारणाराही आहे. ‘त्सेंत्साक’ नावाचे अदृश्य बाण तो दुसऱ्या उविशिनकडून मोबदला देऊन मिळवितो आणि त्यायोगे शत्रूस आजारी पाडतो. त्या समाजात ह्या पदाभोवती ऋणाचे, वैराचे व भयाचे जाळे विणलेले आहे. १९८० च्या पुस्तकात हे जाळे जवळजवळ लोप पावते. उरतो तो आत्मविकास व रोगनिवारण. ज्यास ‘गाभा’ म्हटले आहे तो अशा रीतीने सोलून काढलेला आहे, आणि काय ठेवावे व काय टाकावे ह्याची निवड नागर साधकाच्या गरजेने केली आहे. अशी निवड करण्यास कोणाची हरकत नसावी. हरकत आहे ती निवडीला सर्वांचा समान वारसा म्हणण्यास.

भाषेचा मुद्दा मारिया साबिना ह्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. मेक्सिकोतील ऊआउत्ला येथील ह्या माझातेक स्त्रीच्या रात्रविधीत गॉर्डन वॉसन १९५५ मध्ये सहभागी झाले आणि १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांनी त्याचे वर्णन छापले. त्यानंतर विदेशी लोकांची रीघ लागली. आल्व्हारो एस्त्रादा ह्या माझातेक लेखकाने त्यांचे आत्मकथन १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णाच्या व्याधीवर उपाय शोधावा म्हणून अळंबी सेवन करावयाची, केवळ ईश्वरदर्शनासाठी नव्हे, आणि परके येऊ लागल्यापासून तिचे बळ ओसरले, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. विधीची खरी शक्ती त्यांच्या मते शब्दांत होती. त्या रात्रभर माझातेक भाषेत गात. आलेल्यांपैकी बहुतेकांनी अळंबी घेतली, भाषा घेतली नाही.

परंपरेच्या मालकांनीही आपले म्हणणे मांडले आहे. लाकोटा प्रतिनिधींनी १९९३ मध्ये आपल्या धर्मविधींच्या विक्रीविरुद्ध युद्धाची घोषणाच जाहीर केली. तिचा रोख केवळ गौरवर्णीय विक्रेत्यांवर नव्हता. परक्यांना अनुमतीचा शिक्का देणाऱ्या आपल्यातल्याच लोकांवरही होता. म्हणजे जन्माने लाकोटा असणेही त्या समाजास पुरेसे वाटत नाही. आपल्याकडील ‘अधिकार’ ह्या जुन्या संज्ञेत पात्रता आणि कर्तव्य हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. लाकोटांचे म्हणणे समजण्यास ‘हक्क’ ह्या शब्दापेक्षा ती अधिक उपयोगी आहे.

मग साधकाने परक्यांचे सोडून स्वतःच्या पूर्वजांकडे वळावे, असा सल्ला दिला जातो. तो रास्त असला तरी सोपा नाही. सामी साधक आन्देर्स पौलसेन ह्यांचा ढोल १६९१ मध्ये जप्त झाला; पुढच्याच वर्षी अभियोग चालू असता बंदिवासात त्यांची हत्या झाली. तो ढोल कित्येक पिढ्या डेन्मार्कच्या ताब्यात होता. कारास्योक येथील सामी संग्रहालयाकडे त्याची मालकी २०२२ मध्ये आली. अशा छळाने परंपरेचा धागा तुटतो. आइलो गाउप हे सामी लेखक जन्माने त्या वारशाचे. तरी ढोलाची साधना त्यांनी कॅलिफोर्नियात हार्नर ह्यांच्या पद्धतीने अभ्यासली. ह्यात लाजिरवाणे काही नाही. मात्र जोड कोठे आहे, हे सांगितले तरच ती साधना प्रामाणिक राहते. तुटलेला वारसा अखंड असल्याचा आव हाही एक अपहारच होय, आणि तो आपल्याच पूर्वजांचा होतो.

महाराष्ट्रातील अभ्यासकास हा विषय दूरचा वाटू नये. वारली समाजात रोग व भूतबाधा ह्यांचे निवारण करणारा भगत वेगळा आणि विवाहाची गाणी गाऊन लग्न लावणारी धवलेरी वेगळी. दोघांनाही ‘शामन’ म्हटले की दोन पदे एकात विरतात, आणि स्त्रीकडे असलेले पौरोहित्य सर्वप्रथम दिसेनासे होते. शिवाय भगताला अंधश्रद्धेचा प्रतिनिधी समजणारे नागर मन त्याच प्रकारच्या क्रियेस परदेशी नाव मिळताच अध्यात्म म्हणू लागते, ही विसंगतीही तपासण्याजोगी आहे. आदर म्हणजे भोळा विश्वास नव्हे. पण दोघांना लावावयाची कसोटी एकच असली पाहिजे.

ह्या विवेचनावरून आधुनिक साधना निषिद्ध ठरत नाही. ढोल वाजविणे, ध्यान करणे, निसर्गाशी नाते शोधणे ह्यांवर कोणाची मक्तेदारी नाही. परंतु ज्या समाजाने जे पद दिले नाही त्याचे नाव धारण करू नये. जे घेतले ते कोणाकडून, कोणाच्या अनुमतीने व कोणत्या मोबदल्यात, हे उघड सांगावे. आणि ज्या परंपरेचा आदर करावयाचा तिची भाषा थोडी तरी शिकावी. ह्यांपैकी शेवटची अट सर्वांत कठीण आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत कमी पाळली जाते. संशोधकांनी आपल्यापुरते एवढे अवश्य करावे: ‘शामन’ हा शब्द एव्हेंकी भाषेस परत द्यावा, आणि भगताला भगत, उविशिनला उविशिन म्हणावे.